किडनीच्या कॅन्सरचा जनुक-अहवाल आणि फॉर्मेलिनची बादली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

किडनीच्या गाठीचे ऑपरेशन झाले, टाके निघाले, की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : हे परत उलटणार तर नाही ना? आजवर याला पॅथॉलॉजीचा अहवाल आणि सर्जनचा अनुभव एवढ्या दोनच गोष्टींवरून उत्तर मिळत असे. आता तिसरी वाट निघाली आहे. गाठीतल्या जनुकांचे जीन एक्स्प्रेशन मोजायचे आणि आजार उलटण्याची शक्यता एका आकड्यात सांगायची. इंदूरला देवास, उज्जैन, धार, खरगोन, पार बुऱ्हाणपूरपासून रुग्ण येतात. त्यांच्या नातेवाइकांच्या मोबाइलवर अशा तपासण्यांची माहिती आता येऊ लागली आहे आणि 'करून घ्यावी का?' हा प्रश्न रामबागेतल्या घरांतही विचारला जातो. आमच्यापैकी एकाचे काम पॅथॉलॉजीचे, दुसऱ्याचे संख्याशास्त्राचे. म्हणून या प्रश्नावर सविस्तर लिहीत आहोत.

आमचे म्हणणे असे, की या आकड्यामागचे विज्ञान पक्के आहे, पण आकडा भरवशाचा येणार की नाही, हे किडनी पोटातून बाहेर आल्यावरच्या पहिल्या काही तासांत ठरून जाते. ते तास दूरच्या प्रयोगशाळेच्या हातात नसतात. ते इथे, आपल्या शहरात जातात.

आधी जीन एक्स्प्रेशन म्हणजे काय ते पाहू. शरीराच्या जवळपास प्रत्येक पेशीत तीच सुमारे वीस हजार जनुके असतात. फडताळात पोथ्या सगळ्याच असतात, पण रोज कोणती उघडली जाते ते पाहिले की घर कळते, तसेच पेशीचे आहे. जनुक उघडले गेले की त्याची आरएनएच्या रूपात नक्कल निघते. या नकला मोजणे म्हणजे जीन एक्स्प्रेशन मोजणे. गाठीच्या पेशी कोणत्या पोथ्या जास्त वाचत आहेत, यावरून ती संथ वाढणारी की पसरणारी, याचा अंदाज बांधता येतो.

किडनीच्या कॅन्सरमध्ये चारातले तीन 'क्लिअर सेल' प्रकारचे. पेशीत चरबी आणि ग्लायकोजेन भरलेले असते. स्लाइड करताना अल्कोहोल आणि झायलिनमध्ये चरबी विरघळून जाते आणि पेशी रिकामी, काचेसारखी दिसते, म्हणून हे नाव. यातल्या बहुतेक गाठींत तिसऱ्या क्रोमोसोमचा आखूड भाग गळालेला असतो आणि त्याच भागात व्हीएचएल नावाचे जनुक आहे. ते १९९३ साली सापडले. व्हीएचएल बंद पडले की एचआयएफ हे प्रथिन मोकाट सुटते. पेशीला प्राणवायू पुरेसा मिळत असूनही ती गुदमरल्यासारखी वागते आणि नव्या रक्तवाहिन्या मागवत राहते. प्राणवायू ओळखण्याच्या या यंत्रणेच्या शोधासाठी २०१९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना मिळाले. त्याच तुटलेल्या तुकड्यात पीबीआरएम१, बीएपी१ आणि सेटडी२ ही आणखी तीन जनुकेही बसलेली आहेत, त्यामुळे एका घावात चार पहारेकऱ्यांची एकेक प्रत जाते.

भाकिताच्या तपासण्यांपैकी सगळ्यात नीट पारखलेली एक सांगतो, म्हणजे बाकीच्या कशा जोखाव्यात हे कळेल. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या १६ जनुकांच्या या गुणांकनात ११ जनुके कॅन्सरशी संबंधित आणि ५ संदर्भासाठी, म्हणजे ज्यांच्या तुलनेत बाकीची मोजायची अशी. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये किडनी काढलेल्या, पहिल्या ते तिसऱ्या टप्प्यातल्या ९४२ रुग्णांच्या जुन्या ब्लॉकवरून, म्हणजे मेणात बसवून जपलेल्या गाठीच्या तुकड्यांवरून, ते तयार झाले आणि मग फ्रान्समधल्या ६२६ वेगळ्या रुग्णांवर तपासले गेले. गुण ० ते १०० मध्ये येतात. फ्रान्सच्या रुग्णांत दर २५ गुणांमागे आजार उलटण्याचा धोका जवळपास चौपट, नेमके सांगायचे तर ३.९१ पट, होत गेला. गाठीचा आकार, ग्रेड (सूक्ष्मदर्शकाखाली पेशी किती बिघडलेल्या दिसतात त्याची पायरी) वगैरे हिशेबात धरूनही हा संबंध टिकला. ११ जनुकांपैकी एपीओएलडी१, नॉस३ यांसारखी चार जनुके रक्तवाहिन्यांशी संबंधित आहेत आणि ती जास्त वाजत असतील तर धोका कमी. हे वाचून पुष्कळ जण चमकतात, कारण रक्तवाहिन्या म्हणजे गाठीला रसद, असे आपण ऐकलेले असते. पण क्लिअर सेल गाठीत रक्तवाहिन्यांची रेलचेल असणे हे बहुधा ती अजून आपल्या मूळ स्वभावावर असल्याचे लक्षण आहे. पुढे ती पेशीविभाजनाच्या मागे लागते, तेव्हा रक्तवाहिन्यांचा आवाज खाली येतो आणि एलएमएनबी१, टीयूबीबी२ए अशी वाढीची जनुके वर जातात. जळजळीशी संबंधित आयएल६ वाढले तर तेही वाईटाकडेच नेते.

याच कामातला एक तपशील आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. सुरुवातीला ७३२ जनुके तपासली होती आणि त्यातल्या ५१६ जनुकांचा आजार उलटण्याशी संबंध दिसला. किडनीच्या गाठीत जनुके एकेकटी नाचत नाहीत, लेझीम पथकासारखी एकत्र हलतात. त्यामुळे यादी 'सापडणे' इथे सोपे आहे. अवघड आहे ते ती यादी उपयोगी ठरणे. त्याकडे पुढे येतो.

आता त्या पहिल्या तासांविषयी. सर्जन किडनीच्या धमनीला क्लॅम्प लावतो, त्या क्षणी गाठीचा रक्तपुरवठा थांबतो. पेशी लगेच मरत नाहीत. त्या काही काळ धडपडतात आणि त्या धडपडीत फॉस, जून यांसारखी तातडीची जनुके वर उसळतात. त्याच वेळी आरएनए खाणारी एन्झाइम्स कामाला लागतात. किडनी ऑपरेशन थिएटरच्या ट्रेमध्ये दुपारभर पडून राहिली, तर आपण मोजतो ते ट्रेमधल्या तासांचे एक्स्प्रेशन, पोटातल्या गाठीचे नाही.

मग फॉर्मेलिन, म्हणजे काढलेला अवयव सडू नये म्हणून ज्यात बुडवतात ते द्रावण. ते ऊतीत तासाला साधारण एक मिलिमीटर शिरते आणि आत जाईल तसतसा वेग आणखी मंदावतो. आठ सेंटिमीटरची गाठ, भोवती किडनी, तिच्यावर आवरण, त्यावर दोन बोटे चरबी. हा सगळा गोळा न कापता डब्यात टाकला, तर मधल्या भागापर्यंत फॉर्मेलिन पोचायला दोन दिवसही पुरत नाहीत. दुसऱ्या दिवशी तो डबा उघडून किडनी चिरली, की हे डोळ्यांना दिसते. बाहेरची कड करडी, घट्ट, नीट पक्की झालेली. आतला गाभा अजून लालसर, मऊ, बोट लावले तर दबणारा. तो गाभा सडलेला असतो. त्यातून ग्रेड धड सांगता येत नाही आणि आरएनए तर चुरा झालेला असतो.

उपाय साधा आहे आणि त्याला यंत्र लागत नाही. किडनी आली की आधी धमनी, शिरा आणि मूत्रवाहिनीची टोके ओळखायची, शिरेच्या तोंडाशी गाठीचे बोट आले आहे का ते पाहायचे, बाहेरच्या कडेला शाई लावायची आणि लांब पात्याच्या सुरीने किडनी तिच्या लांबीत, सायनसमधून (रक्तवाहिन्या आत शिरतात त्या मधल्या पोकळीतून), पुस्तकासारखी उघडायची. चरबी सोलून काढायची नाही. गाठ चरबीत शिरली आहे का, हे त्या चिकटलेल्या चरबीवरूनच कळते. मोठ्या गाठीला एक-एक सेंटिमीटरवर आणखी काप द्यायचे आणि मध्ये टिपकागद किंवा गॉज ठेवायचे, म्हणजे फॉर्मेलिन आत शिरते. ऑपरेशन थिएटरपाशी हे करायला कोणी नसेल, तर निदान बर्फावरच्या पिशवीत घालून किडनी लगेच पॅथॉलॉजीकडे पाठवायची. ऊतीच्या दहापट फॉर्मेलिन लागते. चरबीसकट किडनी पाऊण किलोची असेल, तर सात-साडेसात लिटर. म्हणजे बादली लागते, लोणच्याची बरणी चालत नाही. तोंड अरुंद असलेल्या बरणीत किडनी कोंबली, की ती तळाला आणि भिंतीला चिकटते आणि त्या बाजूने फॉर्मेलिन पोचतच नाही.

फॉर्मेलिनही हवे ते बफर केलेले. एक लिटरसाठी १०० मिली बाजारचे फॉर्मेलिन, ९०० मिली डिस्टिल्ड वॉटर, ४ ग्रॅम सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट आणि ६.५ ग्रॅम डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट. सामू ७ च्या आसपास येतो. दवा बाजारातून कॅन आणायचा आणि नळाच्या पाण्यात अंदाजाने मिसळायचा, ही सवय अनेक ठिकाणी आहे. ते मिश्रण ठेवून ठेवून आंबट होते, फॉर्मिक आम्ल तयार होते. स्लाइडवर काळे-तपकिरी कण दिसतात आणि आरएनए आणखी तुटतो. क्षारांचा खर्च इतका किरकोळ आहे, की इथे काटकसर करण्याला काहीच कारण सापडत नाही. फॉर्मेलिनमध्ये ठेवायचे किती? निदान सहा तास आणि शक्यतो दोन दिवसांच्या आत बाहेर. शनिवारी दुपारी काढलेली किडनी दिवाळीच्या सुटीनंतर कापली, तर फॉर्मेलिनने रेणूंच्या साखळ्या एकमेकींना इतक्या घट्ट बांधलेल्या असतात की आरएनए सुटा होत नाही.

तुकडे कुठून घ्यायचे, यात तर सगळा कस आहे. क्लिअर सेल गाठ चिरल्यावर सोनेरी पिवळी दिसते, हळद घातलेल्या साजूक तुपासारखी. मध्ये रक्तस्रावाचे काळपट ठिपके, कुठे पांढुरके, रबरासारखे कडक पट्टे. हात आपोआप पिवळ्या भागाकडे जातो, कारण तिथे 'छान' स्लाइड येते. पण वाईट स्वभावाची पेशी बहुधा त्या पांढुरक्या पट्ट्यांत असते. म्हणून गाठीच्या दर सेंटिमीटरला एक ब्लॉक, निदान तीन, आणि वेगळ्या दिसणाऱ्या प्रत्येक भागातून एक, असा नियम पाळायचा. शिवाय गाठ आणि सायनसच्या चरबीची सीमा, शिरेचे टोक आणि दूरची निरोगी किडनी. २०१२ साली लंडनच्या संशोधकांनी एकाच गाठीचे अनेक तुकडे तपासले, तेव्हा ६३ ते ६९ टक्के जनुकीय बदल सर्व तुकड्यांत सारखे नव्हते. त्याहून काळजीचे म्हणजे, चांगल्या भवितव्याची आणि वाईट भवितव्याची अशा दोन्ही एक्स्प्रेशन खुणा एकाच गाठीच्या वेगवेगळ्या भागांत मिळाल्या. एका ब्लॉकवरून काढलेला कमी धोक्याचा आकडा पाहून निर्धास्त होणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

ब्लॉक प्रयोगशाळेत पोचल्यावर आधी त्याची एक नेहमीची रंगवलेली स्लाइड बघून गाठीचा भाग पेनाने आखला जातो आणि तेवढाच खरवडून घेतला जातो. ही पायरी वगळली तर निरोगी किडनी मिसळते. निरोगी किडनीतली ग्लोमेरुली म्हणजे रक्तवाहिन्यांचे गुंतवळेच, त्यामुळे रक्तवाहिन्यांची जनुके फुगून दिसतात आणि आकडा खोटा दिलासा देतो. त्यानंतर मेण काढणे, प्रोटिनेज-के ने प्रथिने पचवणे, गरम करून फॉर्मेलिनच्या गाठी सोडवणे, डीएनए काढून टाकणे. मिळालेला आरएनए किती तुटला आहे, हे डीव्ही२०० या मापाने पाहतात : २०० अक्षरांपेक्षा लांब तुकड्यांचे प्रमाण किती. ते ३० टक्क्यांच्या खाली असेल, तर बहुतेक पद्धतींत नमुना नाकारावा लागतो. अहवालात हे प्रमाण छापलेले नसेल, तर मागून घ्यावे. ते सांगायला प्रयोगशाळेला काही कष्ट पडत नाहीत.

संदर्भ जनुकांबद्दल एक सूचना, विशेषतः आपल्या महाविद्यालयांत एमडी-पीएचडीचे प्रबंध करणाऱ्यांसाठी. पीसीआर या पद्धतीत दर सायकलला नकला दुप्पट करत मोजतात, म्हणून एका सायकलचा फरक म्हणजे दुप्पट. संदर्भ जनुक २२ व्या सायकलला आणि आपले जनुक २७ व्या सायकलला दिसले, तर ते ३२ पट कमी आहे. म्हणून संदर्भ हलला की सगळेच हलते. सवयीने गॅपडीएच घेतले जाते. पण गॅपडीएच हे साखर जाळण्याच्या साखळीतले एन्झाइम आहे आणि एचआयएफ त्याला वर ढकलतो. क्लिअर सेल गाठीत एचआयएफ मोकाट असतो, हे वर आलेच. तेव्हा या गाठीत गॅपडीएचला काठी धरून बाकीच्यांची उंची मोजणे म्हणजे काठीच वाढत असताना माप घेणे. १६ जनुकांच्या गुणांकनात पाच संदर्भ जनुके वापरली आहेत आणि त्यांत गॅपडीएच नाही.

आता संख्याशास्त्राचे. गेल्या दहा-बारा वर्षांत किडनी कॅन्सरच्या 'नव्या जनुक-स्वाक्षऱ्या' जाहीर करणारे शोधनिबंध ढिगाने निघाले आहेत आणि त्यांतले बहुतेक एकाच खुल्या साठ्यावर उभे आहेत : अमेरिकेच्या कॅन्सर जीनोम ॲटलासमधल्या क्लिअर सेल गाठी, सुमारे पाचशे रुग्ण. किडनीच्या गाठींवरचा त्यांचा मुख्य निबंध २०१३ चा. वीस हजार जनुके आणि पाचशे माणसे. काहीच संबंध नसता, तरी शंभरात पाचच्या नियमाने हजार जनुके नुसत्या योगायोगाने 'अर्थपूर्ण' ठरतील. इथे तर खरोखर संबंध असलेली हजारो जनुके आहेत. २०११ साली स्तनाच्या कॅन्सरवर असा प्रयोग झाला, की जनुकांचे गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे उचलले, तरी त्यांतले बरेचसे रुग्णांच्या आयुर्मानाशी जुळले. म्हणून 'आमची सात जनुकांची स्वाक्षरी अर्थपूर्ण आहे' या वाक्याने आमची मान डोलत नाही.

चुका कुठे होतात, ते आता नेमके. आधी सगळ्या रुग्णांवर जनुके निवडायची आणि मग त्यांतल्याच ३० टक्के रुग्णांवर 'पडताळणी' करायची : हा पेपर फोडून परीक्षा घेण्याचा प्रकार आहे. जनुकांची निवडसुद्धा प्रत्येक फेरीत फक्त शिकाऊ गटावरच, म्हणजे ज्यांच्यावरून स्वाक्षरी तयार होते त्याच रुग्णांवर, व्हायला हवी. दुसरे, रुग्णांना मध्यावरून दोन गटांत कापायचे. आलेख छान फाकतो, पण लोकमान्य नगरातून उद्या येणारा एकटा रुग्ण कोणत्या मध्याच्या वर वा खाली, हे कोण सांगणार? त्याहून वाईट म्हणजे पी-मूल्य (फरक नुसत्या योगायोगाने दिसण्याची शक्यता) सर्वांत लहान येईल तिथेच रेघ मारणे. तिसरे, मृत्यू कशामुळे झाला ते न पाहणे. किडनीचा कॅन्सर उतारवयात जास्त होतो आणि सत्तरीच्या माणसाला हृदयविकारही असतो. सगळे मृत्यू एकत्र धरले, तर स्वाक्षरी गाठीऐवजी वय ओळखायला शिकते. चौथे, आणि आमच्या मते मुख्य : जुन्या, फुकट मिळणाऱ्या गुणांकनाशी तुलनाच न करणे.

ते जुने गुणांकन म्हणजे मेयो क्लिनिकचे २००३ चे लीबोविच गुण. त्यात टी म्हणजे गाठ किती मोठी आणि किती आत शिरली त्याचा टप्पा : टी१ए ला ०, टी१बी ला २, टी२ ला ३, टी३ आणि टी४ ला ४. लसिका ग्रंथीत आजार असेल तर २. गाठ १० सेंटिमीटर किंवा मोठी असेल तर १. ग्रेड ३ ला १, ग्रेड ४ ला ३. नेक्रोसिस म्हणजे गाठीतला मेलेला भाग दिसला तर १. बेरीज २ पर्यंत असेल तर धोका कमी, ३ ते ५ मध्यम, ६ पासून जास्त. मेयोच्या रुग्णांत पाच वर्षे आजार कुठेही न पसरता राहिलेल्यांचे प्रमाण या तीन गटांत अनुक्रमे ९७.१, ७३.८ आणि ३१.२ टक्के होते. आता एक हिशेब करू. सहा सेंटिमीटरची गाठ, ग्रेड २, नेक्रोसिस नाही : टी१बी, गुण २, धोका कमी. तीच गाठ सायनसच्या चरबीत शिरलेली होती, पण तिथला तुकडाच घेतला नाही. घेतला असता तर टी३ए, गुण ४, धोका मध्यम. एका न घेतलेल्या तुकड्यामुळे घरच्यांना ७३.८ ऐवजी ९७.१ चे आश्वासन मिळाले. अशा अहवालावर महागडी जनुक-तपासणी चढवून काय साधणार? आधी अहवालात प्रकार, आकार, टी टप्पा, ग्रेड, नेक्रोसिस, सारकोमॅटॉइड (लांबट, आक्रमक पेशींचा) भाग, शिरेची आणि बाहेरची कड, या सगळ्या गोष्टी लिहिलेल्या आहेत का, ते पाहावे. एक जरी गाळली असेल, तर पॅथॉलॉजिस्टला नम्रपणे विचारावे. चांगला पॅथॉलॉजिस्ट रागावत नाही, पुन्हा स्लाइड बघतो.

मग आकडा आलाच, तर त्याने उपचार बदलतो का? स्पष्ट सांगायला हवे : आज औषध निवडायला तो वापरला जात नाही. ऑपरेशननंतर देण्याच्या पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या (रोगप्रतिकारशक्तीला कामाला लावणाऱ्या) औषधाचा निर्णय टप्पा आणि ग्रेडवर होतो. दर तीन आठवड्यांनी २०० मिग्रॅ, जास्तीत जास्त १७ डोस, म्हणजे वर्षभर. ज्या चाचणीवर हे उभे आहे, तिच्यात चार वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण औषधाच्या गटात ९१.२ आणि नुसत्या सलाइनच्या गटात ८६ टक्के होते. दुष्परिणामांमुळे पाचातल्या साधारण एकाला औषध मध्येच थांबवावे लागले. या चाचणीत रुग्ण निवडताना कोणतेही जनुक-गुण पाहिले नव्हते. उलट १६ जनुकांचे गुण जेव्हा सुनिटिनिब या रक्तवाहिन्या रोखणाऱ्या औषधाच्या चाचणीतल्या १९३ रुग्णांवर तपासले, तेव्हा आजार उलटण्याचे भाकीत पुन्हा खरे ठरले, पण सुनिटिनिब कोणाला लागू पडेल, हे त्या गुणांवरून सांगता आले नाही. पुढे काय होईल हे सांगणे वेगळे, कोणते औषध चालेल हे सांगणे वेगळे. नातेवाइकांच्या मनात हे दोन्ही नेहमी एक होऊन बसतात आणि अहवालाची भाषाही त्याला हातभार लावते.

पसरलेल्या आजारात मात्र आशा वाटावी असे काम चालू आहे. ८२३ रुग्णांच्या गाठींचे आरएनए वाचून २०२० साली सात गट पाडले गेले. काही गट रक्तवाहिन्यांच्या जनुकांनी भरलेले, काही रोगप्रतिकारक पेशींच्या, काही पेशीविभाजनाच्या. पहिल्या प्रकारात रक्तवाहिन्या रोखणारी औषधे बरी चालतात, दुसऱ्यात इम्युनोथेरपीची जोड जास्त फायदा देते, असे दिसले. फ्रान्समध्ये ३५ जनुकांवरून रुग्णांचे चार गट करून उपचार देण्याची चाचणी झाली आणि अमेरिकेतही आरएनएच्या गटावरून औषध ठरवणारी चाचणी सुरू झाली. याचा कल चांगला आहे. रोजच्या ओपीडीत मात्र आजही आयएमडीसी या आंतरराष्ट्रीय गटाचे सहा निकषच चालतात : रुग्णाची हिंडण्याफिरण्याची ताकद, निदानापासून वर्षाच्या आत औषध सुरू करावे लागले का, हिमोग्लोबिन, कॅल्शियम, न्यूट्रोफिल आणि प्लेटलेट. यांतले शेवटचे चार कोणत्याही तालुक्याच्या लॅबमध्ये होतात.

वर सांगितलेली १६ जनुकांची आणि लीबोविच ही दोन्ही गुणांकने क्लिअर सेलसाठी आहेत. पॅपिलरी किंवा क्रोमोफोब या दुसऱ्या प्रकारांच्या गाठीवर ती लावू नयेत. ती अमेरिकन आणि फ्रेंच रुग्णांवर बेतलेली आहेत, तेव्हा इथल्या रुग्णांत '२० टक्के धोका' म्हणजे खरोखर शंभरातले वीस का, हे इथल्या ब्लॉकवर आणि इथल्या पाच-दहा वर्षांच्या नोंदींवर तपासूनच सांगता येईल. त्यासाठी ब्लॉक हवेत आणि पत्ता बदललेल्या रुग्णाला शोधून फोन करणारे कोणीतरी हवे.

एक गैरसमज वारंवार कानावर येतो : 'जनुकांची तपासणी केली, म्हणजे मुलांना होणार की नाही तेही कळले.' नाही कळत. एक्स्प्रेशनची तपासणी गाठीची असते आणि गाठीत घडलेले बहुतेक बदल मुलांकडे जात नाहीत. आनुवंशिक धोका पाहायचा तर रक्तावर वेगळी तपासणी लागते. रुग्ण ४६ वर्षांचा किंवा त्याहून लहान असेल, दोन्ही किडन्यांत किंवा एकीत अनेक गाठी असतील, घरात आणखी कोणाला किडनीचा कॅन्सर झाला असेल, डोळ्यांच्या पडद्यावर किंवा मेंदूत रक्तवाहिन्यांच्या गाठी निघाल्या असतील, तर ती जरूर विचारावी. तिथे उत्तर खरोखर उपयोगाचे असते, कारण धोक्यातल्या भावंडांची सोनोग्राफी किंवा एमआरआय वेळेवर सुरू करता येतो.

आमची विनंती शहरातल्या छोट्या-मोठ्या सर्व रुग्णालयांना आणि पॅथॉलॉजी लॅबना आहे. किडनीच्या फॉर्मवर दोन रकाने वाढवावेत : धमनीला क्लॅम्प लावल्याची वेळ आणि किडनी कापून फॉर्मेलिनमध्ये टाकल्याची वेळ. ऑपरेशनआधी गाठीची धमनी मुद्दाम बंद केली असेल, तर तेही लिहावे, कारण त्याने गाठीत मेलेला भाग वाढतो आणि नेक्रोसिसचा गुण फसवा ठरतो. हाडात पसरलेल्या गाठीचा तुकडा असेल, तर तो आम्लात मऊ न करता ईडीटीए या कॅल्शियम काढून घेणाऱ्या रसायनात करावा. आम्लाने आरएनए संपतो. ब्लॉक कोरड्या, थंड खोलीत ठेवावेत. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशीपार जातो. पत्र्याच्या माळ्यावरच्या खोक्यात ठेवलेले मेण मऊ पडते आणि आरएनए आणखी झिजतो. ब्लॉक कुरिअरने पाठवताना उन्हात उभ्या गाडीत राहणार नाही, अशी वेळ निवडावी आणि कापलेल्या, न रंगवलेल्या स्लाइड महिनोन्‌महिने साठवू नयेत. लागतील तेव्हाच कापाव्यात. किडनीचा कॅन्सर दहा वर्षांनीही उलटू शकतो, म्हणून जागा नाही या कारणाने जुने ब्लॉक टाकून देऊ नयेत.

आणि घरच्यांनी डिस्चार्जच्या दिवशी एवढे करावे. हिस्टोपॅथॉलॉजीच्या अहवालाची सहीची प्रत, ब्लॉकचे क्रमांक, किती ब्लॉक आहेत आणि कोणत्या लॅबमध्ये ठेवले आहेत, हे एका कागदावर लिहून औषधांच्या फायलीत लावावे. ब्लॉक बाहेर पाठवायचा झाला, तर पॅथॉलॉजिस्टला सांगून सर्वांत वरच्या ग्रेडचा निवडावा, एक ब्लॉक मूळ लॅबमध्ये राहू द्यावा आणि दिल्या-घेतल्याची पावती घ्यावी. तपासणीच्या लोकांना पैसे देण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात : ही तपासणी कोणत्या वेगळ्या रुग्णांवर पडताळली आहे, लीबोविच गुणांवर तिने किती भर घातली आणि आमच्या रुग्णाचा आकडा जास्त आला किंवा कमी आला, तर डॉक्टर नेमके काय वेगळे करणार आहेत. तिसऱ्याचे उत्तर 'काही नाही' असे आले, तर ते पैसे पुढच्या वर्षांतल्या छाती-पोटाच्या सीटी स्कॅनसाठी बाजूला ठेवावेत.

आपले,
पॅथॉलॉजी व जैवसंख्याशास्त्रात काम करणारे दोन वाचक,
इंदूर